डिसेंबरात सनस्क्रीन? आधी हिशोब तर करा

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

दिवाळी झाली, घड्याळं एक तास मागे गेली, की आपल्या आयांच्या ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो: "थंडीतही मुलांना सनस्क्रीन लावता ना?" मग वीसजणी "हो हो, रोज, एसपीएफ ५०" म्हणतात. कुणीतरी मुंबईच्या एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाचं रील टाकतं. त्यात "३६५ दिवस, घरात बसलात तरी" असं ठासून सांगितलेलं असतं. आणि जी लावत नाही ती बिचारी गप्प बसते, आपणच आळशी आई आहोत असं वाटून.

मी लावत नाही आणि गप्पही बसणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी साउथहॅम्प्टनमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलाच्या तोंडाला सनस्क्रीन फासणं हा वाया गेलेला खर्च आहे. आणि आपल्या बऱ्याच घरांत हा खर्च कॅन्सरच्या भीतीने होत नाही, मूल काळं पडेल या भीतीने होतो. त्या भीतीकडे मी येतेच. आधी आकडे, कारण मी सीए आहे आणि आकड्यांशिवाय मला भांडता येत नाही.

उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर मोजायला यूव्ही इंडेक्स असतो. फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये तो दिसतो, तापमानाच्या खाली कुठेतरी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की इंडेक्स ३ किंवा जास्त असेल तेव्हा त्वचेला संरक्षण हवं. इथली ब्रिटिश असोसिएशन ऑफ डर्मटॉलॉजिस्ट्स हीच त्वचारोगतज्ज्ञांची संस्था, तीही तोच ३ चा आकडा धरते. साउथहॅम्प्टनमध्ये नोव्हेंबर-डिसेंबर-जानेवारीत भर दुपारी हा आकडा शून्य किंवा एक असतो. फेब्रुवारीच्या शेवटी फार तर दोनच्या आसपास.

कारण साधं आहे. आपण ५१ अक्षांशाजवळ राहतो. २१ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा इथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर येतो. त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. तिरपे किरण वातावरणातून कितीतरी लांबचा प्रवास करून येतात आणि वाटेतच ओझोन त्यांतले त्वचा जाळणारे किरण गाळून टाकतो. विश्वास बसत नसेल तर मुलांना घेऊन कॉमनवर जा आणि सावली मोजा. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ऊन कमजोर, हा ढोबळ नियम. डिसेंबरात १२० सेंटिमीटरच्या पोराची सावली भर दुपारी चार मीटरच्या वर जाते! साडेतीनपट! हे ऊन तुमच्या मुलाला जाळणार?

आता खर्च. सनस्क्रीनने काम करायला हवं असेल तर ते पुरेसं लावावं लागतं. चेहरा आणि मान मिळून साधारण अर्धा चहाचा चमचा, म्हणजे अडीच मिली. लहान मुलाला थोडं कमी, पण सोयीसाठी तेवढंच धरू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी १२० दिवस. १२० गुणिले अडीच म्हणजे ३०० मिली, म्हणजे ५० मिलीच्या सहा ट्यूब. एक ट्यूब दहा पौंडांची धरली तर एका मुलाचे साठ पौंड, आणि त्यातले दहा पौंड नुसता व्हॅट. (हो, इथे सनस्क्रीनवर २० टक्के व्हॅट आहे, जणू काही ती चैनीची वस्तू. स्वतः मेलानोमातून बरी झालेली खासदार एमी कॅलाहन हिने तो काढावा म्हणून पार्लमेंटमध्ये 'व्हॅट बर्न' नावाची मोहीम चालवली होती. उन्हाळ्यासाठी माझा तिला शंभर टक्के पाठिंबा.) आणि तुमची एकच ट्यूब अख्खा हिवाळा पुरत असेल, तर तुम्ही मुलाला सनस्क्रीन लावतच नाही आहात. लावल्याचं समाधान तेवढं मिळतंय.

"पण यूव्हीए किरण? ते तर काचेतूनही येतात!" येतात, मान्य. पण हिवाळ्यात तेही कमी असतात आणि दिवसही छोटा. आठच्या सुमारास उजाडतं, चारला अंधारायला लागतं. मूल साडेआठला दप्तर घेऊन बाहेर पडतं, सव्वातीनला परत येतं, आणि मधल्या सुट्टीत जे काही बाहेर असतं ते टोपी, मफलर, जाडजूड कोटात. उघडा असतो तो फक्त नाकाचा शेंडा. तुम्हाला स्वतःला चाळिशीत सुरकुत्यांची काळजी वाटत असेल तर खुशाल लावा, तो तुमचा निर्णय. तुम्हाला वांग असतील, ल्युपस असेल, घरात कुणाला कोड असेल किंवा मोठ्या मुलाला मुरुमांसाठी अशी औषधं चालू असतील ज्यांनी त्वचा उन्हाला हळवी होते, तर डॉक्टर सांगतील तसं करा. मी बोलतेय ते धडधाकट, शाळेत जाणाऱ्या मुलांबद्दल.

"मग ऑस्ट्रेलियात का लावतात?" हाही नेहमीचा प्रश्न. १९८१ मध्ये 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' म्हणत अख्ख्या देशाला उन्हापासून जपायला शिकवलं ते ऑस्ट्रेलियाने. त्यांच्याच व्हिक्टोरिया राज्यातला सल्ला काय आहे माहितीये? मेपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे त्यांच्या हिवाळ्यात, इंडेक्स तीनच्या खाली असतो तेव्हा सहसा सनस्क्रीनची गरज नाही. जगात त्वचेच्या कॅन्सरला सगळ्यात जास्त घाबरणारा देश आकडा बघून थांबतो. आपण मात्र मुंबईचं रील बघून साउथहॅम्प्टनमध्ये ट्यूब पिळतो. त्या डॉक्टरबाईंचं मुंबईसाठी बरोबरच आहे हो! पण १९ अक्षांशाचा सल्ला ५१ अक्षांशावर चालत नाही. टोरोंटो, फ्रँकफर्ट, स्टॉकहोमवाल्यांनो, डिसेंबरात तुमचं गणित आमच्यासारखंच. दुबई, सिंगापूरवाल्यांनो, तुमचं तसं नाही. मेलबर्न आणि ऑकलंडवाल्यांनो, तुमचा तर आत्ता उन्हाळा तोंडावर आलाय, तुम्ही लावाच.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसले ती.

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याच साउथहॅम्प्टन जनरल हॉस्पिटलमधून एक बातमी आली होती. मुलांच्या हाडांचे सर्जन प्रोफेसर निकोलस क्लार्क यांनी सांगितलं की हाडांच्या तक्रारींसाठी तपासलेल्या २०० हून जास्त मुलांपैकी २० टक्क्यांहून जास्त मुलांमध्ये व्हिटॅमिन डीची लक्षणीय कमतरता आढळली. मुडदूस परत आला होता. आजीच्या तोंडी ऐकलेला शब्द, पाय धनुष्यासारखे वाकलेली पोरं. तो विसाव्या शतकात कुठेतरी संपला असं सगळ्यांना वाटत होतं. आणि तो फक्त गरीब वस्त्यांत नव्हता, चांगल्या खात्यापित्या घरांतही होता, हेच क्लार्क यांनी मुद्दाम सांगितलं होतं. घरात बसून राहणारी मुलं आणि बाहेर पडली तरी झाकलेली, क्रीम लावलेली मुलं, अशी कारणंही त्यांनी दिली होती.

आपल्या लोकांसाठी ही पहिली घंटा नव्हे. ग्लासगोमध्ये १९६० च्या दशकातच डॉक्टरांना भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांमधल्या मुलांत मुडदूस दिसायला लागला होता, आणि १९८० च्या सुमारास सरकारला त्यासाठी 'स्टॉप रिकेट्स' नावाची मोहीम काढावी लागली. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे अंगचंच छत्र. ते भारताच्या उन्हात वाचवतं, पण इथल्या मवाळ उन्हात तेवढंच व्हिटॅमिन डी बनवायला आपल्या मुलांना गोऱ्या मुलांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहावं लागतं. आणि ऑक्टोबर ते मार्च तर गोरा असो की सावळा, या अक्षांशावर उन्हातून व्हिटॅमिन डी जवळजवळ मिळतच नाही. ज्या किरणांनी त्वचा भाजते, त्याच किरणांनी ते बनतं. ते किरण नाहीत म्हणून भाजण्याचा धोका नाही, आणि ते नाहीत म्हणूनच व्हिटॅमिन डीही नाही. एकाच नोंदीच्या दोन बाजू.

म्हणूनच जुलै २०१६ मध्ये इथल्या सरकारने सल्ला बदलला. एक वर्षावरच्या सगळ्यांनी शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्यावं. आणि आफ्रिकन, कॅरिबियन, दक्षिण आशियाई वंशाच्या, सावळ्या त्वचेच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा. दक्षिण आशियाई म्हणजे कोण? तुम्ही-आम्हीच.

तर मला सांगा, मंडळात बसून किती आयांना एसपीएफचा नंबर पाठ असतो आणि किती जणींना १० मायक्रोग्रॅम? मी विचारून बघितलंय. पहिल्या प्रश्नाला सगळे हात वर, दुसऱ्याला दोन. पानगळीत गळून गेलेल्या उन्हापासून आपण मुलांचं रक्षण करतोय आणि जे खरोखर कमी पडतंय ते द्यायला विसरतोय. याला आमच्या धंद्यात चुकीच्या खात्याला खर्च टाकणं म्हणतात.

ते द्यायचं कसं, तेही सांगते. इथल्या दुकानांतल्या बाटलीवर १० मायक्रोग्रॅम किंवा ४०० आययू लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. वर्षभराचा खर्च सनस्क्रीनच्या एका ट्यूबच्या आसपास. शाकाहारी घरांसाठी: बहुतेक डी३ मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनतं, ते नको असेल तर शैवालयुक्त दगडफुलापासून बनवलेलं डी३ किंवा डी२ मिळतं, आणि कॅप्सूल जिलेटिनची नाही ना तेवढं बघा. आपल्या मासेखाऊंसाठी आनंदाची बातमी: बांगडा. इथे तो स्वस्त आणि भरपूर मिळतो आणि त्यात व्हिटॅमिन डी चांगलं असतं. पण दुधावर विसंबू नका. अमेरिका-कॅनडात दुधात व्हिटॅमिन डी घालतात, इथल्या साध्या गायीच्या दुधात ते सहसा घातलेलं नसतं. न्यू जर्सीच्या मावशीचं ऐकून "आमचा रोज दोन ग्लास दूध पितो" म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि एक कळकळीची विनंती. भारतातून येताना आईने बॅगेत घातलेली ती ६०,००० आययूची पुडी किंवा गोळी मुलाला आपल्या मनाने देऊ नका. भागाकार करा: ६०,००० भागिले ४०० म्हणजे १५० दिवसांचा डोस एका घोटात. डॉक्टर तपासून, ठरावीक दिवसांसाठी देतात ती गोष्ट वेगळी. इथे एक ते दहा वर्षांच्या मुलांना दिवसाला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त देऊ नका असं एनएचएस सांगतं, आणि ती एक पुडी १,५०० मायक्रोग्रॅमची आहे. व्हिटॅमिन डी जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम साठतं, मूत्रपिंडांना त्रास होतो. "थोडं जास्त गेलं तर काय होतंय" हे इथे चालत नाही.

पोटुशी असलेल्या मैत्रिणींनो, तुम्हीही तेच १० मायक्रोग्रॅम घ्या. आपल्या साउथहॅम्प्टनच्याच संशोधकांनी ऑक्सफर्ड आणि शेफील्डबरोबर गरोदर स्त्रियांवर एक मोठी चाचणी केली, २०१६ मध्ये निकाल आले. सगळी बाळं एकत्र धरली तर व्हिटॅमिन डीच्या गोळीने फारसा फरक दिसला नाही, पण हिवाळ्यात जन्मलेल्या बाळांची हाडं गोळी घेतलेल्या आयांच्या पोटी जास्त भरीव निघाली. (याच विद्यापीठातले लोक १९९० च्या दशकापासून पुण्याच्या केईएम हॉस्पिटलबरोबर पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया-बाळांचा अभ्यास करताहेत. पुणं आणि साउथहॅम्प्टन हे नातं आपण इथे यायच्या आधीचं आहे.)

आता काळं पडण्याकडे.

मंडळाच्या एका कार्यक्रमात सात वर्षांच्या एका मुलीने मला विचारलं, "मी इथेच राहिले तर गोरी होईन का?" तिला कुणी शिकवलं? तिची आई रोज सकाळी क्रीम लावताना म्हणते, "टॅन होशील हं." भारतातून व्हिडिओ कॉलवर आजी म्हणते, "अगं, थंडीने किती उजळली ही!" आणि जुलैत म्हणते, "काय गं, किती काळवंडलीस!" सात वर्षांच्या मुलीला अतिनील किरण कळत नाहीत. तिला एवढंच कळतं की आपला रंग ही जपून कमी करायची गोष्ट आहे.

फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली. २०२० मध्ये कंपनीने नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं. नाव गेलं, भीती राहिली, आणि ती आता सनस्क्रीनच्या ट्यूबमध्ये येऊन बसलीये. ट्यूबवर "ब्राइटनिंग", "टॅन प्रोटेक्शन" असं लिहिलेलं असेल तर ते कॅन्सरविरोधी औषध नाही, लग्नाच्या जाहिरातीतला "गोरी, सडपातळ" हा जुनाच मजकूर आहे. आणि याच शहरात आपल्या मुलींच्या वर्गातल्या गोऱ्या मैत्रिणी टॅन होण्यासाठी काय वाटेल ते करतात. इतकं की अठरा वर्षांखालच्या मुलांना सनबेड वापरू देऊ नका असा कायदा इंग्लंड-वेल्समध्ये २०११ पासून लागू करावा लागला. त्यांना काळं व्हायचंय, आपल्याला गोरं. दोघींच्याही आयांनी आरशात बघायची वेळ आली आहे.

मला तर संक्रांतीचं नवल वाटतं. वर्षात एकदा आपण हौसेने काळी साडी काढतो. का, तर काळा रंग ऊब धरून ठेवतो. त्या दिवशी काळ्याचं कौतुक, तिळगूळ, फोटो. विठोबा सावळा म्हणून लाडका. आणि स्वतःची पोर फुटबॉल खेळून आली की "ये इकडे, बेसन-हळद लावते."

हिवाळ्यात त्वचेला काही लावायचंच असेल तर तेल लावा, साधं मॉइश्चरायझर लावा. घरातल्या हीटिंगने आणि थंड वाऱ्याने मुलांचे गाल उलतात, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. हा इथल्या हिवाळ्याचा खरा त्रास आहे. गालावर पांढुरके खरखरीत डाग दिसले की आपल्याकडे लगेच "जंत झाले" किंवा "कॅल्शियम कमी" असं निदान होतं. बहुतेक वेळा तो कोरडेपणाचा सौम्य एक्झिमाच असतो, मॉइश्चरायझरने आणि वेळेने जातो. मोठे झाले, वाढत गेले तर जीपीला दाखवा.

सनस्क्रीन फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. तिची वेळ चुकतेय, एवढंच. आता ख्रिसमसच्या सुट्टीत निम्मे लोक भारतात जाणार. पुण्या-मुंबईत डिसेंबरातसुद्धा दुपारचा इंडेक्स सहाच्या आसपास किंवा वर असतो. पुण्याचा डिसेंबरातला दुपारचा सूर्य आपल्या एप्रिलच्या मध्यातल्या सूर्याएवढा उंच असतो, शिवाय तिकडे ओझोनचा थर पातळ. इथे एक इंडेक्सला सरावलेलं मूल विमानातून उतरतं आणि तिसऱ्या दिवशी तारकर्लीच्या वाळूत अकरा ते तीन लोळतं. तेव्हा ट्यूब कुठे असते? बॅगेत. कारण "आपलंच ऊन, आपल्या मुलांना काय होतंय!" सावळी त्वचाही भाजते. इथे डिसेंबरात लावणारी आणि तारकर्लीत विसरणारी आई मी दरवर्षी बघते. तिथे लावा, दोन तासांनी परत लावा, पाण्यातून बाहेर आल्यावर परत लावा. टोपी घाला आणि दुपारी आजीकडे झोपवा.

फेब्रुवारीच्या हाफ टर्मला आल्प्सला जाणाऱ्यांनाही हेच. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत उसळवतो, म्हणजे ऊन वरूनही आणि खालूनही. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांजवळ लावायला विसरू नका, डोळ्यांवर चांगला गॉगल हवाच. थंडीतलं सनस्क्रीन खरं लागतं ते इथे. थंडी वाजतेय म्हणून ऊन नाही असं नसतं.

तेच एप्रिलला. कोट अजून अंगावर असतो, वारा बोचरा असतो आणि कुणाच्या मनातही सनस्क्रीन येत नाही, पण तोवर इंडेक्स चार-पाचला गेलेला असतो. जूनमध्ये स्पोर्ट्स डेला तर सात. सप्टेंबर संपेपर्यंत आकडा बघत राहा, तीनच्या वर असेल तर लावा.

ॲप उघडा, आपल्या गावाचा आजचा दुपारचा यूव्ही इंडेक्स बघा आणि खाली लिहा, गावाच्या नावासकट. कुणी तीनच्या वरचा आकडा टाकला तर तिला सनस्क्रीन लावायला मी स्वतः सांगेन. पोस्ट शेअर करायला हरकत नाही, नावासकट केलीत तर बरं. ३१ जानेवारीपर्यंत टॅक्स रिटर्नच्या गडबडीत असते, त्यामुळे उत्तरं उशिरा येतील. पण भांडायला येईन नक्की.